दारातली वाळूची बादली

"फ्यूज काढलास ना?" बाबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

काढला होता बाई, काढला होता. पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढून मी इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं होतं, म्हणजे नळीतला दाब उतरतो. मग ते गार होऊ दिलं, बॅटरीची वायर सोडवली, गॅरेजचं शटर सताड उघडलं. बाबा म्हणजे जन्मभर लोकांच्या गाड्या दुरुस्त केलेला माणूस, पण घरच्या गाडीचे, इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर काढायचे म्हटलं की ताकही फुंकून पिणार.

दादाचं म्हणणं, बाबा एक दिवस घर पेटवतील, गाडी विकून टाका. आजचं काम धड झालं तरच ती राहणार होती. आईच्या हट्टापायी घेतलेली ती गाडी. ती गेली तर आईचं दारात काहीच उरलं नसतं.

आई असताना सगळं जोडून झालं की ती वाळूची बादली घेऊन दारात उभी राहायची. बाबा इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवायचे. पंप घुरघुरायचा, नळीत दाब चढायचा आणि बाबा विचारायचे, "काय गं?" आई हुंगून "नाही येत" म्हणाली, की मगच गाडी सुरू. आम्ही पोरं खिदळायचो, एवढा मोठा मेकॅनिक आणि बायकोच्या परवानगीशिवाय पान हलत नाही!

आज सगळं जोडून बाबांनी किल्ली फिरवली. "नाही येत," ते स्वतःच म्हणाले. मला मात्र पेट्रोलचा भपकारा आला.

"बाबा, बंद करा."

एका इंजेक्टरचं रबरी कडं बसवताना चिमटलं होतं, तिथून पेट्रोल पाझरत होतं.  मी रागाने विचारलं, एवढा वास तुम्हाला आला कसा नाही?

बाबा फडक्याला हात पुसत राहिले.

"मला वास येतच नाही गं. तरुणपणीच गेला. फक्त तुझ्या आईला माहीत होतं."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीत?"

"ती होती ना."

 पुन्हा दाब उतरवला, सांडलेलं पुसलं, नवं कडं बसवलं. दादाला काय सांगायचं ते माझं ठरलं: गाडी राहील, पण मी असल्याशिवाय बाबांनी इंजेक्टरला हात लावायचा नाही. मग बादली उचलून दारात उभी राहिले. चांगलीच जड होती. आई ती कशी धरायची कोण जाणे.

बाबांनी किल्ली फिरवली. पंप घुरघुरला. त्यांनी दाराकडे पाहिलं.

"काय गं?"

अगदी तसंच विचारलं. मी खोल श्वास घेऊन पुन्हा एकदा नीट हुंगलं. बाबा थांबले.

"नाही येत," मी म्हटलं.

इंजिन सुरू झालं. बादली मी तशीच धरून उभी होते.