उंदीर गेले, आता माझी पाळी

नाक मुरडू नका! मी पोतेरं बोलतोय. जन्माने मात्र टॉवेल आहे. माल्सुनआजींच्या नवऱ्याच्या साठीला पाहुण्यांना वाटलेल्यांतला उरलेला. आजींनी माझ्याने आधी तोंड पुसलं, मग पाय, मग जमीन. टाकणं म्हणून त्यांना ठाऊक नाही.

यंदा थंडीत गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आजी शहरात मुलाकडे राहिल्या. इकडे गावच्या घरात, आतल्या खोलीत, सोयासॉससाठी सोयाबीनच्या ढेपा आंबायला टांगलेल्या. ढेपांना ऊब हवी म्हणून खालून तापत ठेवलेली जमीन आणि वर तो वास. उंदरांची चंगळच झाली! नववर्षाच्या सणासाठी सगळे गावी आले, बघतात तर कोपऱ्याकोपऱ्यात लेंड्या. मुलाने पिंजरे लावून उंदीर धरले, भोकं बुजवली. पण रांगती नात झोपणार होती ती याच खोलीत.

आजींनी झाडू उचलला, तशी सून हेवॉन दारात आडवी आली.

"आई, झाडू नका. धूळ उडून श्वासात गेली तर ताप येतो, किडन्या जातात."

"उंदीर काय तू सून होऊन आल्यावर जन्मले? उद्या सणाला पितरांचं ताट मांडायचंय!"

"हवं तर मला शिव्या घाला. पण बाळाला घेऊन अंगणात थांबा."

सासूला असं अडवायला छाती लागते हो! मला तर तिचा अभिमानच वाटला. तिने खिडक्या उघडल्या, खोलीत वारा खेळू दिला. मग मास्क, हातमोजे घालून लेंड्यांवर ब्लीचचं पाणी शिंपडलं आणि वाट बघत बसली.

"लोणचं घालतेस की काय त्यांचं?" आजी बाहेरून ओरडल्या.

हेवॉन हसली, पण हलली नाही. लेंड्या पुरत्या भिजल्यावर तिने त्या कागदाने टिपून पिशवीत टाकल्या. मग मला ब्लीचमध्ये बुडवून कोपरा न् कोपरा पुसला. अंगाची नुसती आग झाली!

"पोतेरं दे, उकळून काढते," आजी दारात आल्या.

"टाकायचं, आई. आणि... ढेपाही. त्यांवरूनही उंदीर फिरलेत."

म्हणजे वर्षाचा सोयासॉस गेला.  आजींनीही मास्क, हातमोजे चढवले, एकेक ढेप स्वतः उतरवून पिशवीत घातली आणि वर मला टाकलं.

"ढेपा पुन्हा घालीन. नात कुठून आणू?"

आता दुहेरी पिशवीत बसून मी कचऱ्याच्या गाडीची वाट बघतोय. घरात पोरगी झोपलीय. पिशवीची गाठ तेवढी सोडू नका.