बत्तीस प्राणांचं बोलावणं

"आजोबा, दहा मिनिटांत उरका हं. स्टेशनची व्हॅन दारात उभी आहे," म्हणत मनीवन केळीच्या पानांच्या तबकासमोर बसली.

माझी नात पाच वर्षांसाठी कोरियाच्या कारखान्यात निघाली होती. परगावी जाणाऱ्याचे बत्तीस प्राण गोळा करून देहात बसवायचे आणि मनगटाला पांढरा दोरा बांधायचा, हे लाओसमधल्या आमच्या लुआंग प्राबांग गावात चाळीस वर्षं माझं काम. प्राण मोठे उडाणटप्पू असतात. कुणी नदीवर रेंगाळतो, कुणी रानात, कुणी जुन्या घराच्या जिन्यावर. एकेकाला गोंजारून बोलवावं लागतं. पाऊण तास सहज जातो.

सहा वर्षांपूर्वी हॉटेलवाल्यांनी मला परदेशी पाहुण्यांसाठी ठेवून घेतलं, दिवसातून चार वेळा. मॅनेजर सोमलित भला माणूस. म्हणाला, "आजोबा, त्यांना आपली भाषा कळत नाही. नदी, रान सगळं गाळा. आशीर्वाद द्या, दोरा बांधा, सात मिनिटांत मोकळे व्हा." घराचं छप्पर गळत होतं. मी मान डोलावली.

मनीवनच्या तळहातावर उकडलेलं अंडं ठेवलं, डोळे मिटले. देवांना आमंत्रण झालं, आणि पुढच्याच ओळीला तोंडातून हॉटेलचा आशीर्वाद बाहेर पडला. थांबलो. मागे जाऊन पुन्हा धरलं. पुन्हा तेच. नदीवरच्या प्राणाला काय म्हणून हाक मारायची, तेच आठवेना. पोथी नाही; बापानं सगळं तोंडी शिकवलेलं.

"पुढं म्हणा की," शेजारची म्हातारी चान पुटपुटली.

बाहेर व्हॅनवाल्यानं हॉर्न दिला. मी दोरा बांधून टाकला. जमलेले सगळे तथास्तु म्हणावं तसं "साधू, साधू" म्हणाले. चाननं मात्र माझ्याकडे पाहिलं नाही. तिच्या तीन पोरांना मीच सगळे प्राण बोलावून निरोप दिला होता, काय गाळलं ते तिला कळणारच.

"बघा, झालं की नाही पटकन?" मनीवन माझ्या पाया पडली आणि बॅग घेऊन धावली. अडवून काय सांगणार होतो तिला?

व्हॅनच्या खिडकीतून तिनं डोकं बाहेर काढलं. "आजोबा, बत्तीसच्या बत्तीस आले ना माझे?" लहानपणी प्रत्येक दोऱ्यानंतर ती असंच विचारायची.

"आले गं सगळे," मी म्हणालो.

ती हसली आणि काच वर केली.