आठ हत्यारांचं चाक

पेठच्या वर्कशॉपमध्ये आज सोनलचा पहिला प्रोग्राम चालणार होता. घाटघरची ही पोरगी दोन वर्षं सीएनसी लेथवर नुसते जॉब, म्हणजे कापायचे लोखंडी तुकडे, चढवत-उतरवत होती. मग मालक भगवंतभाऊंच्या मागं लागून तिनं मशीनचे कोड लिहायला शिकून घेतलं. नेमकी आजच तिची आई सोनीबाई मंचरला डोळे दाखवून लेकीला भेटायला आली.

सोनीबाईनं मशीनच्या काचेतून आत डोकावलं. "ह्ये आरं लावल्यालं चाक कशाचं गं?"

"टरेट म्हणतात, आये. त्याला आठ हत्यारं बसवलीत. मी इथं 'टी तीन' लिहिलं की तीन नंबरचं हत्यार आपसूक पुढं येतं."

"म्हंजी तू लिवल्यालं लोखंडाला वाचता येतं?"

"येतं," सोनल म्हणाली आणि तिच्याच अंगावर काटा आला. इतक्या दिवसांत तिला हे असं कुणी विचारलंच नव्हतं.

एका हत्याराचं काम संपलं की टरेटनं थोडं मागं सरायचं, जागीच फिरायचं आणि पुढचं हत्यार समोर आणायचं. वेळ वाचावा म्हणून सोनलनं ते मागं सरणं अगदी बेताचं ठेवलं होतं. भगवंतभाऊंनीही वाचून मान डोलावली होती. तिनं बटणाकडं बोट नेलं.

"फिरताना समदी संगंच फिरत्यात का?" सोनीबाईनं विचारलं.

"हो."

"मंग त्या लांबड्याचं कसं?" तिनं पाच नंबरच्या ड्रिलकडं बोट दाखवलं. "डोईवर मोळी घिऊन घाटात वळताना आपुन म्होरं बघतो, आन् मागलं टोक कड्याला थडाकतं. तसं न्हाई ना व्हनार?"

सोनलचं बोट तिथंच थांबलं. भगवंतभाऊंनी पट्टी घेतली, दार उघडून ड्रिल मोजलं, आकडा पुन्हा पडताळला. मग हळूच म्हणाले, "सोनल, हे जॉब धरून फिरणाऱ्या चकावर आदळलं असतं. टरेटच गेला असता."

सोनलनं मागं सरण्याच्या ओळीतला एक आकडा वाढवला. तेवढंच.

मग तिनं बटण दाबलं. चक घोंगावू लागला, हत्यार थंड ठेवणारं दुधासारखं पाणी उसळलं. टरेट मागं सरला, क्षणभर थांबला आणि खट्! लांबलचक ड्रिल चकापासून हातभर अंतर राखून गेलं आणि नेमकं जॉबसमोर येऊन उभं राहिलं. आत कुणाचाही हात नव्हता. दुसऱ्यांचे प्रोग्राम चालताना तिनं हे शेकडो वेळा पाहिलं होतं. आज मात्र श्वास घ्यायचंही तिला सुचेना. तिच्या मनातलं एकेक वाक्य लोखंड ऐकत होतं, तिनं सांगितलं तिथं थांबत होतं, वळत होतं.

जॉब बाहेर आला तेव्हा चांदीसारखा लखलखत होता. भगवंतभाऊंनी तो मोजला आणि सोनीबाईच्या तळहातावर ठेवला. तिनं तो गालाला लावून पाहिला. कोमट होता.

"आजून एकदा चालीव की गं," ती काचेला नाक लावत म्हणाली.