ओळख करून देणाऱ्याची पाळी

त्या रविवारी चंद्रावतीबाईंनी मनाशी पक्कं ठरवलं होतं, की आज कुणाचीही ओळख करून द्यायची नाही. प्रत्यक्ष देव जरी सभासद व्हायला आला, तरी त्याला म्हणायचं, बाबा, तुझी ओळख तूच करून घे, मी दमले आहे.

आणि त्या खरंच दमल्या होत्या. एक रात्र झोपून उतरेल असलं ते दमणं नव्हतं. पायांच्या भेगांपासून सुरू व्हायचं आणि मानेत येऊन बसायचं. मुलींच्या शाळेत शिकवून थकवा आला म्हणावा, तर सध्या मे महिन्याची सुट्टी. घरी पोरंबाळं म्हणावीत, तर घरी त्या एकट्या. मग एवढं दमवलं कुणी? त्यांनीच केलेल्या एका नियमानं!

त्याचं असं झालं. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या दुसऱ्याच वर्षी पनवेलच्या आठदहा मंडळींनी मिळून 'सेवाव्रती मंडळ' काढलं. कामं दोन. उन्हाळ्यात एसटीच्या थांब्यावर पाणपोई चालवायची, आणि वर्षभर दर रविवारी आपटा गावापलीकडच्या कातकरी वाडीवर औषधं घेऊन जायचं. क्विनाईनच्या गोळ्या, डोळ्यांत घालायचे थेंब, खरजेचं मलम, असं साधंसुधंच. प्रत्येक सभासदाला महिन्यातून एक रविवार, म्हणजे त्याची पाळी. तेव्हा चंद्रावतीबाई पस्तिशीच्या, उत्साहानं नुसत्या सळसळत होत्या. नवा सभासद घेताना जुन्यानं उभं राहून त्याची ओळख करून द्यायची, छातीवर पितळी बिल्ला लावायचा, हे सगळ्यांनाच आवडलं. बाईंनी त्याला पुढे शेपूट जोडलं: "ज्याने ओळख करून दिली, त्याने त्या माणसाची हमी घेतली. नवा गळाला, तर त्याची पाळी ओळख करून देणाऱ्याने भरून काढावी." टाळ्या पडल्या. अध्यक्ष महादेवराव गुप्ते वकील तर म्हणाले, "वा! याला म्हणतात कायदा!"

आता तुम्हीच सांगा, असा नियम झाल्यावर पुढं काय होणार? ओळख करून द्यायला कोण उभा राहील? वर्षभरात सगळे शहाणे झाले. नवा माणूस आला की एकाच्या घशाला खवखव, दुसऱ्याला सभेत बोलायची भीती, तिसऱ्याचा चष्मा घरी राहिलेला. उरल्या चंद्रावतीबाई. त्यांचा घसाही बरा आणि चष्माही नाकावर. नऊ वर्षांत त्यांनी एकवीस माणसांच्या ओळखी करून दिल्या. "समाजाविषयी अपार तळमळ असलेले" हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं, की एकदा वर्गात भूगोल शिकवताना त्या मान्सून वाऱ्यांविषयी तसंच म्हणाल्या होत्या.

आणि ती तळमळणारी माणसं गळायची. एकाची अलिबागला बदली झाली. एकाला एसटीत मळमळायचं. एक बाई सुनेच्या बाळंतपणाला म्हणून दोन महिन्यांसाठी गेल्या त्या गेल्याच. आणि एक गृहस्थ तर बिल्ला लावून फोटो काढून झाल्यावर पुन्हा दिसलेच नाहीत. गळालेल्याची पाळी वर्षभर भरायची, आणि अशी चार माणसं नुसत्या गेल्या वर्षातली. महिन्याला रविवार चार आणि स्वतःची धरून बाईंच्या नावावर पाळ्या पाच! पाचवी त्या शाळा सुटल्यावर पाणपोईवर उभं राहून फेडायच्या.

गेल्या रविवारी वाडीवर शुक्री म्हातारीच्या डोळ्यांत थेंब घालताना ती म्हणाली होती, "बाई, ती नवी माणसं एकदाच येतात काय गं? वाट बघायची का नाय, तेवढं सांग."

बाईंनी दुसरा थेंब घातला. "डोळे मीट," एवढंच त्या म्हणाल्या.

तर आज सभा होती. शाळेच्या तिसरीच्या वर्गात, दुपारी चारला. बाकं पोरांच्या मापाची, त्यामुळे सगळी मंडळी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. खुर्ची एकच, ती वकीलसाहेबांना. बाई थेट वाडीवरून येऊन शेवटच्या बाकावर टेकल्या होत्या आणि भिंतीला डोकं लावून, डोळे उघडे ठेवून, जवळजवळ झोपल्या होत्या.

फळ्यापाशी तीन नवे सभासद उभे होते. पहिला काशिराम, भाताच्या गिरणीतला कारकून. कडक इस्त्रीचा कोट, आणि बिल्ला कुठं लावला तर बरा दिसेल याचा विचार चेहऱ्यावर. दुसरा विठू सुतार, बैलगाडीची चाकं करणारा. आणि तिसरी भामा, खाडीकडच्या आगरी वस्तीतली, मिठागरावर काम करणारी. तिशीची असेल. काष्टा घट्ट, पाय मिठानं चिरलेले, आणि उभी अशी की जणू वर्ग तिचाच आहे, बाकीचे पाहुणे. ती आत आली तेव्हा पुढच्या बाकावरच्या दोघी बायका जराशा सरकल्या होत्या. तिला जागा द्यायला नव्हे. भामानं ते बघितलं आणि ती उभीच राहिली.

महादेवरावांनी घसा साफ केला. "तर आता, प्रथेप्रमाणे, आपल्या चंद्रावतीबाई नव्या सभासदांची ओळख करून देतील."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. बाई उठल्या नाहीत.

"वकीलसाहेब," त्या बसूनच म्हणाल्या, "मी आज ओळख करून देणार नाही."

"म्हणजे? प्रकृती बरी नाही?"

"प्रकृती आहे तशीच आहे. पण कुणाचीच ओळख करून देणार नाही. दुसरं कुणीतरी द्या."

बाहेर कुणीतरी सायकलला हवा भरत होतं. एकजण छताकडे बघायला लागला. एकीला पदराचा सुटलेला धागा एकदम महत्त्वाचा वाटला. तुळशीराम घड्याळजी, ज्यांनी काशिरामला आणलं होतं आणि जे त्याचे सख्खे साडू होते, ते खाली वाकून चप्पल शोधायला लागले. चप्पल पायातच होती.

"अहो तुळशीराम," महादेवराव म्हणाले, "काशिराम तुमचे साडू ना?"

"साडू आहेत," वाकल्या वाकल्याच तुळशीराम म्हणाले. "पण माझी त्यांची तशी ओळख नाही."

कुणीतरी फिस्सकन हसलं. काशिरामचे कान लाल झाले. "काय हो, बारा वर्षं माझ्याकडे दिवाळीला जेवताय, आणि ओळख नाही?"

"जेवणाची ओळख वेगळी, साडूभाऊ. इथं रविवार जातो."

"मग विठूची तुम्ही द्या की वकीलसाहेब," मागून कुणी बोललं. "तुम्हीच त्याला नाव दे म्हणालात."

"अध्यक्षांनी ओळख करून देणं नियमात बसत नाही," महादेवराव घाईनं म्हणाले. "आणि हा नियमच जर नको असेल, तर तो बदलायला वार्षिक सभा लागते. ती दसऱ्यानंतर."

बाईंना वाटलं होतं, नाही म्हटलं की हलकं वाटेल. पण फळ्याजवळची ती तीन माणसं तशीच उभी होती. लग्न मोडल्यावर मांडवात वऱ्हाड उभं राहतं ना, तशी. त्यांचा काय दोष? बाईंनी नजर काढून घेतली. नाही म्हणजे नाही. आज उठले तर पाळ्या पाचाच्या आठ होतील, आणि मग एक दिवस वाडीवरच आडवं व्हावं लागेल.

"मी इचारू काय?" भामा म्हणाली.

"विचारा, विचारा," महादेवराव म्हणाले.

"ही वळख म्हंजे काय भानगड हाय? नाव तर मी दिलंय. पानपोईवर ह्या बाईंनीच लिवून घेतलं. मंग आता समदे असे का बसलेत, मयताला आल्यासारखे?"

 शेवटी बाईंनीच सांगितलं. नियम सांगितला, शेपूट सांगितलं, ते शेपूट कुणी लावलं तेही सांगितलं. चार माणसं गळाली तेही. सांगताना त्यांचा आवाज वर गेला नाही की खाली आला नाही. शाळेतली हजेरी घ्यावी तसं.

भामानं सगळं ऐकून घेतलं. "म्हनून व्हय," ती म्हणाली. "शिमग्यापासून बघते मी, पानपोईवर पानी द्यायला तुमीच. मला वाटलं, मंडल म्हंजे ह्या बाईंचं नाव हाय."



विठू सुतारानं टोपी काढून हातात घेतली. "साहेब, मग माझं राहू द्या," तो ओशाळून म्हणाला. "मला वाटलं नुसतं नाव द्यायचं असतं. रविवारी कामाला लोहार येतो, मी नसलो तर लोखंडी धावा कोण चढवणार चाकांवर? उगीच बाईंच्या गळ्यात कशाला." त्यानं सगळ्यांना हात जोडले आणि तो निघून गेला. नऊ वर्षांत गळलेल्या माणसांपैकी हा पहिलाच, जो सांगून गळला. बाईंना त्याचा राग आला नाही. उलट त्याला हाक मारून चहा पाजावा असं वाटलं.

"आणि तुम्ही?" महादेवरावांनी भामाला विचारलं. "तुम्हीही विचार करून..."

"माजा इचार झालाय," भामा म्हणाली. "पाऊस लागला की मिठागर बंद. तवापासून दसऱ्यापतूर मी येते. महिन्याचा एक नाय, समदे रविवार येते. लावनीचे दोन सोडून, तवा भावाच्या शेतावर जावं लागतं. पन दसऱ्यानंतर मिठागराची बांधबंदिस्ती निघते. मंग मी येनार नाय. आताच सांगते. मंग मला शोधत येऊ नका, आनि माज्या नावानं वरडू पन नका."

"पण तुमच्या पाळीचं पुढं काय?"

"ते मला काय ठावं? ते तुमचं मंडल बगंल."

पुढच्या बाकावरच्या एकीनं शेजारणीला कोपर मारलं. "ऐकलंत? आधीच जायची तारीख!"

चंद्रावतीबाईंनी ऐकलं होतं. एकवीस माणसं त्यांच्यासमोर उभी राहून गेली. कुणी म्हणालं, आजन्म. कुणी म्हणालं, देहात प्राण आहे तोवर. एकानं तर छातीवर हात ठेवून शपथ घेतली होती, तो दोन रविवार आला. पण अमुक दिवसापर्यंत येईन आणि अमुक दिवसापासून येणार नाही, असं कुणी म्हणालं नव्हतं. शुक्रीला सांगता येईल असं काहीतरी पहिल्यांदा कानावर पडलं. वाट बघ, दसऱ्यापर्यंत. पुढं बघू नकोस.

त्या उठल्या. उठताना गुडघा कुरकुरला, बाक सरकला. तुळशीराम चपलेतून वर आले. सगळ्यांच्या चेहऱ्यावर 'सुटलो' असं लख्ख लिहिलेलं.

फळ्यापाशी जाऊन बाई भामाच्या शेजारी उभ्या राहिल्या. सवयीनं तोंडात 'समाजाविषयी अपार' आलं. त्यांनी ते गिळलं.

"ही भामा," त्या म्हणाल्या. "मिठागरावर काम करते. पावसाळा लागल्यापासून दसऱ्यापर्यंत येणार आहे, लावणीचे दोन रविवार सोडून. त्यानंतर येणार नाही. त्यानंतर तिची महिन्याची एक पाळी मी करीन. आणखी मला काही माहीत नाही."

बिल्ला लावायला त्या वळल्या. लुगड्याच्या जाड पदरातून टाचणी जाईना. भामानंच बिल्ला हातात घेतला आणि खचकन टोचला, वाकडा.

"आणि आमची?" काशिराम म्हणाला. कोटाची वरची गुंडी त्यानं उघडूनही ठेवली होती.

"तुमची तुळशीराम करून देतील," बाई म्हणाल्या, "नाहीतर नाही होणार."

त्या परत जाऊन बसल्या. तिकडे साडूसाडूंची चांगलीच जुंपली. तुळशीराम आधी वाकून पुन्हा चप्पल शोधणार होते, पण महादेवरावांनी या वेळी नाव घेऊनच उभं केलं. "किती रविवार येणार ते बोला आधी!" तुळशीराम ओरडले, आणि काशिराम कोटाच्या बाहीनं घाम पुसत मोजायला लागला. शेवटी तीन महिन्यांवर तडजोड झाली. टाळ्या वाजल्या. बाईंनी वाजवल्या नाहीत. हात उचलायचा कंटाळा आला होता.

सभा सुटली तेव्हा भामा दारात थांबली होती.

"वाडीला किती वाजता जायचं?"

"सहाची एसटी. आपट्याला उतरून पुढं चालायचं."

"तुमी येनार?"

"येईन" बाईंच्या ओठावर आलंच होतं. नऊ वर्षांची सवय, तिला थांबवायला वेळ लागला. "पहिल्या रविवारी येईन," त्या म्हणाल्या. "रस्ता दाखवायला. कुणाला काय द्यायचं ते सांगायला. एक म्हातारी आहे, शुक्री, तिला थेंब घालताना डोकं घट्ट धरावं लागतं. दुसऱ्या रविवारी नाही येणार."

"मंग दुसऱ्या रविवारी काय करनार?"

बाई विचारात पडल्या. खरंच, काय करणार? माळ्यावरची भांडी, शाळेच्या वह्या, बहिणीकडे एकदा जाऊन येणं, हे सगळं डोक्यातून सावकाश गेलं आणि एकही थांबलं नाही.

"झोपणार," त्या म्हणाल्या.

"झोपा की," भामा म्हणाली, आणि खाडीच्या वाटेनं झपझप निघाली.