हात वर होईपर्यंत

भिंतीवरच्या तक्त्यात सगळ्यांत खाली कुणालाच वाचता न येणारी अक्षरं.

आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दाराच्या फटीत कोंबलेला टॉवेल.

"श्वास चोरून घे. सूर तुटता कामा नये."

निळा पडदा.

तर झालं असं. चष्म्याच्या दुकानाची मालकीण रोज सकाळी, शटर वर करण्याआधी, डोळे तपासायच्या खोलीत लॅपटॉप उघडून गाणं शिकायची. शिकवणाऱ्या ताई दुसऱ्या देशात, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. त्यांचा नियम एकच: मी हात वर करेपर्यंत सा सोडायचा नाही. मध्येच थांबलं की, "का गं, गाडी सुटतेय?"

आज ताईंनी डोळे मिटले, मान कलती केली. हिने सा लावला.

हात वर होईना.

ती गात राहिली. काल रियाज बुडवला, त्याची शिक्षा असणार. घसा कोरडा पडला. मग वाटलं, नेट अडकलंय, चित्र गोठलंय. जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात ताईंच्या मागचा निळा पडदा वाऱ्याने हलला.

तिने सा सोडला. "ताई? अहो ताई!" ताईंच्या ओठांची एक बाजू ओघळली होती.

"अहो, इकडे या!"

नवरा काचा पुसायचं फडकं घेऊनच आला. "झोप लागली असेल. तुझं ऐकून मलाही लागते."

"थट्टा पुरे! पडदा हलतोय, ताई हलत नाहीत."

त्याचं हसू मावळलं. "पत्ता काय त्यांचा?"

पत्ता! ताईंच्या गाण्यातली एकेक हरकत पाठ, पण त्यांच्या गल्लीचं नाव ठाऊक नाही.

तिने भूपवाल्यांना फोन लावला. हे ताईंचे सगळ्यांत जुने शिष्य. भूप रागातून वर्षानुवर्षं बाहेर पडले नाहीत म्हणून हे नाव.

"काका, ताई हलत नाहीत."

"वर्ग सोडून फोन? रागावतील गं त्या."

"काका, त्या हलतच नाहीत!"

पलीकडे खुर्ची कर्रकन सरकली. "खालच्या मजल्यावर आपल्याकडचाच एक शिंपी राहतो, त्याच्याकडे किल्ली असते. त्याला कळवतो. तू बोलत राहा. कान जागे असतील त्यांचे."

बोलायचं काय? तिने पुन्हा सा लावला. कापरा, फाटका. नवरा तिच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभा.

स्क्रीनवर दार उघडलं. गळ्यात टेप अडकवलेला शिंपी आत आला, ताईंच्या नाकाशी बोट धरून उभा राहिला.

ती गात होती.

"चालू आहे!" तो ओरडला. "श्वास चालू आहे! बाई, थांबा आता, मला दवाखान्याला फोन लावू दे!"

तिला थांबता येईना. नवऱ्याने तिच्या तोंडावर हळूच हात ठेवला.

ती पहिला सा धरून बसली होती तेव्हा हाच शिंपी ताईंच्या दारापर्यंत येऊन गेला होता; आतून गाणं ऐकू आलं, म्हणून बेल न वाजवता, ताईंचा दुरुस्त केलेला कोट कडीला अडकवून तो खाली गेला.