पाठवणीनंतरची पंचवीस मिनिटं

“लहानू, दिल्ली दिसून राहिली का गा?” खालून प्राचार्य मनोहररावांनी ओरडून विचारलं.

कॉलेजच्या गच्चीवर, बारा फुटी जाळीच्या छत्रीत कमरेपासून वाकून, लहानू गजभिये पत्र्याच्या तुकड्यानं कबुतरांची घाण खरवडत होता.

“दिल्ली नाही जी. कबुतरं दिसून राहिले.”

“किती आहेत?”

लहानूनं मोजली. “नऊ.”

“ध्यानात ठेव. तपासणी समितीनं विचारलं तं सांगता आलं पायजे.” असं म्हणून मनोहररावांनी तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा गुलाबाच्या कुंडीत थुंकला आणि ते आत गेले. गुलाब दोन वर्षांपूर्वीच मेला होता. कुंडी मात्र रोज ओली असायची.

सत्त्याऐंशी साल होतं. सरकारनं आभाळात उपग्रह सोडला होता आणि त्याच्यावरून रोज दुपारी तासभर कॉलेजच्या पोरांसाठी शिकवणं यायचं. कळमेश्वरच्या या कॉलेजाला एका योजनेत छत्री, रिसीव्हरचा डबा, रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि अकरा कोऱ्या कॅसेटी मिळाल्या. हे सगळं चालवणारा माणूस योजनेत नव्हता, म्हणून लहानूला त्यात घातला. एकवीस वर्षं तो प्रयोगशाळेत परिचर होता. बेडकांची आतडी, सांडलेलं ॲसिड आणि बेसिनमधला प्राचार्यांचा खर्रा, तिन्ही तोच पुसायचा. पहिल्या दोन्हींची किळस कधीच गेली होती.

काम सोपं होतं. दुपारी छत्री नीट करायची, कॅसेट घालायची, दोन बटणं एकदम दाबायची आणि तासभर बसायचं. बघायचं मात्र नाही. टीव्हीवर मखमली पडदा होता आणि पडद्यावर लाल फीत बांधलेली होती. ती मंत्री कापणार होते.

“रेकॉर्ड कराले उद्घाटन लागत नाही,” मनोहररावांनी समजावून सांगितलं होतं, “पाहाले लागते.”

मंत्र्यांची तारीख तीनदा मिळाली. पहिल्या वेळी मंत्री आजारी पडले, दुसऱ्या वेळी मंत्री बदलले. तिसऱ्या वेळी नुसताच हार आला. हार वाया जाऊ नये म्हणून तो गच्चीवर छत्रीला घातला, आणि दुसऱ्या दिवशी झेंडूच्या पाकळ्या घाणीसकट खरवडताना लहानूला पहिल्यांदा वाटलं, कबुतरं बरी. ती निदान योजना आखत नाहीत.

पण त्यानं एक काम कुणालाही न विचारता केलं होतं. कॅसेटी अकराच, आणि शिकवणं कशाकशाचं यायचं. शेती, इतिहास, माश्यांची पैदास. लहानूनं त्यातून फक्त फिजिक्स भरलं. पडद्याचा कोपरा उचलून विषय बघायचा आणि फिजिक्स असलं तरच बटणं दाबायची. कॅसेटींवर त्यानं आपल्या हातानं चिठ्ठ्या डकवल्या होत्या: उष्णता, प्रकाश, ध्वनी, चुंबक.

कारण त्याची तारा त्याच कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती, आणि कॉलेजात फिजिक्सला मास्तर नव्हता. संस्थेचे अध्यक्ष भैय्याजी यांनी ती जागा आपल्या साळ्याच्या पोरासाठी राखून ठेवली होती. पोरगा एम.एस्सी.ला दरवर्षी नापास व्हायचा, आणि भैय्याजी दिल्या शब्दाचे पक्के होते.

“बाबा, एप्रिलमंदी पेपर आहे,” तारा म्हणाली. “मंत्री मार्चपर्यंत तरी येतीन का?”

“येतीन वं.”

“नाही आले तं?”

“तं मी कापतो ना फीत.”

तारा हसली. बापानं आजवर न विचारता काही कापलेलं तिनं पाहिलं नव्हतं.

छप्पन साली, दहा वर्षांचा असताना, लहानू बापाच्या सायकलच्या दांडीवर बसून नागपूरला दीक्षेला गेला होता. त्या दिवसाची त्याला गर्दी आठवायची, ढुंगणाला रुतलेली दांडी आठवायची, आणि परतताना बाप बोलला ते. आता शिकाचं, कोनाले विचाराचं नाही. लहानू नववीपर्यंत शिकला. पुढची सगळी वर्षं त्यानं विचारण्यात घालवली.

फेब्रुवारीत भैय्याजींच्या पोराचं लग्न निघालं. सीताबर्डीचा रुपराव व्हिडिओ काढणार होता. नातेवाइकांना वाटायला त्यानं आठ कोऱ्या कॅसेटी मागितल्या. कॉलेजात अकरा पडून आहेत असं कळल्यावर भैय्याजींना आणखी तीन नातेवाईक आठवले.

लहानूला हे शुक्रवारी कळलं. कॅसेटी शनिवारी द्यायच्या होत्या. दुपारी त्यानं भांडारघराचं दार लोटलं आणि स्क्रू ड्रायव्हर काढला. छत्री बसवायला आलेल्या कंपनीच्या इंजिनिअरनं त्याला दाखवून ठेवलं होतं. कॅसेटच्या पाठीवर कोपऱ्यात नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा असतो, तो तोडला की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. लहानूनं उष्णता तोडली, प्रकाश तोडला. प्रत्येक वेळी कट् असा आवाज आला. अकरा वेळा आला. आयुष्यात इतकं बरं त्याला फार कमी वेळा वाटलं होतं. तुकडे त्यानं टेबलावरच राहू दिले.

शनिवारी भैय्याजी आणि रुपराव आले. रुपरावानं एक कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली, बटणं दाबली. मशीननं ती घेतली आणि परत ओकली.

“हे भरत नाही भैय्याजी. कोनंतरी खिट्टी तोडून ठेवली.”

लहानू भिंतीला टेकून उभा होता. आता विचारतील, काहून तोडली बे. त्यानं उत्तर तयार ठेवलं होतं, तीन वाक्यांचं. पण भैय्याजींनी विचारलंच नाही. त्यांनी टेबलावरचा एक तुकडा उचलला, टोक बघितलं आणि त्यानं दात कोरायला सुरुवात केली. मागच्या दाढेतून काहीतरी निघालं. त्यांनी ते उजेडाकडे धरून पाहिलं, त्यांना ते पटलं, आणि त्यांनी ते परत खाल्लं.

“मंग आता?” ते रुपरावाला म्हणाले.

“काही नाही जी. भोकावर चिकटपट्टी लावली का झालं.”

“लाव गा लहानू.”

लहानूच्या तोंडातली तिन्ही वाक्यं जागच्या जागी नासली. “हो जी,” तो म्हणाला. त्यानं पट्टीचे अकरा तुकडे कापले आणि अकरा भोकांवर लावले. शेवटच्या पट्टीखाली हवा राहिली होती, ती त्यानं अंगठ्यानं दाबून काढली. कुणी सांगितलं नव्हतं. हातालाच नीट काम करायची खोड होती, आणि त्या खोडीची त्याला भैय्याजींच्या दाढेपेक्षा जास्त किळस आली.

घरी त्यानं अंगठा दोनदा साबणानं धुतला. डिंक गेला नाही. तारानं अंगठ्याकडे पाहिलं आणि पुस्तक उघडून बसली.

लग्न झालं. मग टीव्ही आणि व्हीसीआरही नागपुरात धरमपेठला भैय्याजींच्या बंगल्यावर गेले, कारण नातेवाइकांना लग्न दाखवायचं होतं. “फीत जपून ठेव,” मनोहरराव म्हणाले, “मंत्री आले तं लागन.” बंगल्यात कुणालाच बटणं कळत नव्हती, म्हणून दर रविवारी लहानूनं कळमेश्वरहून बसनं जाऊन लग्न लावायचं, असं ठरलं.

पहिल्या रविवारी दिवाणखाना बायकांनी भरला होता. प्लेटांमधून चिवडा येत होता, आणि चिवड्यातले शेंगदाणे वेचून भैय्याजी उरलेला परत ताटात टाकत होते. लग्न दोन तास पस्तीस मिनिटांचं होतं. कॅसेट तीन तासांची. शेवटी पाठवणी झाली, नवरी रडत मोटारीत बसली, मोटार फाटकाबाहेर पडली, आणि पडद्यावर चष्मा लावलेला एक गृहस्थ हातात लोखंडाची पट्टी धरून उभा राहिला.

भैय्याजींच्या आई पार्वतीबाई पुढेच बसल्या होत्या. “हा कोन वं?”

“मुलीकडचा असंल,” मागून एक बाई म्हणाली.

“हातात का आहे त्याच्या?”

“आहेर आनला असंल.”

“लोखंडाचा?” पार्वतीबाईंनी तोंड वाकडं केलं. “मानूस तं गरीब दिसते. जेवला का तो?”

“बंद कर बे,” भैय्याजी म्हणाले. लहानूनं बंद केलं.

पण परतीच्या बसमध्ये त्याच्या डोक्यात पंचवीस मिनिटं घोळत राहिली. लग्न सगळ्या कॅसेटींवर तेच, तेवढंच. म्हणजे प्रत्येक कॅसेटच्या शेपटीला मास्तर अजून जिवंत होता. कॅसेटी मात्र पांगल्या होत्या. उष्णता अमरावतीला गेली होती, प्रकाश भंडाऱ्याला, ध्वनी यवतमाळच्या थोरल्या वहिनींकडे. अमरावतीच्या आत्याबाईंचं पत्रही आलं होतं की आमच्या लग्नात पाठवणीनंतर बर्फ वितळतो, हे नवरीसाठी चांगलं की वाईट, ते ब्राह्मणाला विचारून कळवावं. धरमपेठेत एकच कॅसेट उरली होती. चुंबक. मागून आणली तरी चालवायची कशावर, मशीनही तिथंच.

दुसऱ्या रविवारी तो ताराला घेऊन गेला. ती वही पदराखाली धरून दारात उभी राहिली.

“हे कोन?” भैय्याजींनी विचारलं.

“माही पोरगी जी. आपल्याच कॉलेजात आहे. म्हने, साहेबांच्या पोराचं लग्न पाहाचं आहे.”

वाक्य सफाईनं निघालं. भैय्याजी खूश झाले. “बस ना मंग,” म्हणाले आणि कुठं ते सांगितलं नाही. तारा दाराजवळ चपलांच्या शेजारी फरशीवर बसली.

तिनं सगळं लग्न पाहिलं. हळद पाहिली, वरात पाहिली. मनोहरराव पंगतीत जिलबी खिशात घालताना दिसले, तेही पाहिलं. चिवड्याची प्लेट तिच्यावरून दोनदा पुढे गेली. पाठवणीला बायका डोळे पुसत उठल्या, पदर झटकले, आणि चपला शोधताना एकीनं तिला म्हटलं, “जरा सरक वं.” तारा सरकली. मोटार फाटकाबाहेर पडली. चष्मेवाला आला.

“बंद कर,” भैय्याजी जांभई देत म्हणाले.

लहानूचा हात बटणाकडे गेला. तिथंच थांबला.

“मधीच बंद करता येत नाही जी.”

“काहून? मागच्या रविवारी तं केली.”

“त्याच्यानंच कॅसेटची फीत ढिली झाली. आता मधी थांबवली तं आत गुंडाळते. लग्न तुटून जाईन.”

धडधडीत खोटं होतं. भैय्याजींनी व्हीसीआरकडे पाहिलं, मग लहानूकडे. लहानूनं नजर खाली घातली नाही. एकवीस वर्षांत त्यानं हा चेहरा इतक्या जवळून, इतका वेळ पाहिला नव्हता. मिशीत चिवड्याची हळद होती.

“किती वेळ?”

“पंचवीस मिनिटं.”

“चालू दे मंग. मी पडतो जरा.” भैय्याजी आत गेले.

दिवाणखाना रिकामा झाला. फक्त पार्वतीबाई खुर्चीत राहिल्या, त्यांना उठवायला कुणी आलं नव्हतं. तारा चपलांजवळून उठली, टीव्हीसमोर येऊन बसली आणि तिनं वही उघडली.

“पोरी,” पार्वतीबाई म्हणाल्या, “हा लग्नातला नाही ना वं?”

“नाही आजी. हा शिकवून राहिला.”

“मंग ठीक आहे. मले वाटे, त्याले जेवाले कोनं विचारलंच नाही.”

पडद्यावरच्या मास्तरांनी चुंबक टेबलावर ठेवला, खडू घेतला आणि इंग्रजीत म्हटलं की मघाशी आपण जे सिद्ध केलं, त्यावरून आता पुढचं समीकरण सहज निघतं. मघाशीचं सगळं हळदीखाली गेलं होतं. ताराचं पेन क्षणभर थांबलं. मग तिनं वहीची दोन पानं कोरी सोडली, तिसऱ्या पानावर वर तारीख टाकली आणि लिहायला लागली.