चाकू हातात द्यायचा

इंद्रभान थोरल्या भावाच्या दारात चार वर्षांनी आला, तो भावाच्या तिसऱ्या दिवसाच्या पुण्यानुमोदनालाच. माणसाला लाज असावी, पण भाऊ मरेपर्यंत पुरावी इतकी नसावी.

भावाचं नाव उकंडराव. सत्तर साली फौजेतून घरी आला तेव्हा त्याच्या पेटीत घडीचा एक चाकू होता. वीतभर पातं, शिंगाची मूठ, मिटला तरी खिशात मावेना. पातं सरळ नव्हतं. टोकाकडे त्याला पोट सुटलेलं आणि मुठीकडे आत बाक घेतलेला. दोर असो की बांबू, त्या बाकात सापडला की सुटत नसे. शेलूबाजारापर्यंत असा चाकू कुणाकडे नव्हता आणि उकंडराव ते सांगायला विसरत नसे.

दर रविवारी तो ओट्यावर चाकू घेऊन बसे. पोटाला सपाट दगड चालतो, बाकाला चालत नाही. सपाट दगड आत पोचतच नाही, नुसत्या कडा खातो. म्हणून त्यानं कुरुंदाची अंगठ्याएवढी गोल कांडी ठेवली होती. ती बाकातून हलक्या हातानं ओढायची, पातं फडक्यानं पुसायचं आणि बिजागरीत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा. चाकू कुणालाही नेऊ देई, पण बजावून. "बोथट झाला त होऊ दे. धार मीच लावीन."

चाकू हातात देऊ नये, भांडण होतं. खाली ठेवावा, दुसऱ्यानं उचलावा, हे गावात पोरंसोरंही सांगत. उकंडरावाला त्याचा भारी राग. दीक्षा घेतली त्या दिवशीच असलं सगळं सोडलं, म्हणायचा आणि मिटलेला चाकू मुद्दाम समोरच्याच्या तळहातावर ठेवायचा. इंद्रभानच्या हातावर ठेवताना तर वरून त्याची मूठ मिटवायचा. "पाह्य लेका, झालं का भांडन?"

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात इंद्रभानच्या लेकीचं लग्न झालं. मांडवाचे बांबू तासून चाकूची धार गेली. भावाची वस्तू बोथट कशी परत द्यावी, असं इंद्रभानच्या मनात आलं. मन चांगलंच होतं, अक्कल तेवढी नव्हती. बाजारात सायकलीवर शाण फिरवणारा एक धारवाला बसला होता. त्याच्याकडे चाकू देऊन इंद्रभान चहा प्यायला गेला. परत येतो तर धार अशी, की हातावरचे केस निघावेत. आणि बाक गायब! शाणेनं पोट खाऊन पातं सरळसोट केलं होतं.

"वाकडा होता, सीधा करून देल्ला," धारवाला म्हणाला आणि शाबासकीची वाट पाहत बसला.

इंद्रभान तसाच भावाच्या घरी आला. उकंडराव ओट्यावरच होता. त्यानं हसत हात पुढे केला. हातात दिला तर भाऊ समोरच उघडेल, या धास्तीनं इंद्रभाननं मिटलेला चाकू खाली फरशीवर ठेवला.

"खाली कायले ठेवला?"

"हातात देल्ला की भांडन होते म्हंतेत," इंद्रभान म्हणाला. तोंडाला येईल ते बोलून गेला.

उकंडरावाचं हसू मावळलं. हात मात्र तसाच पुढे राहिला. "तू म्हंतं हे? माह्या घरात?"

इंद्रभान पाठ फिरवून निघाला. कोपऱ्यावर पोचला तेव्हा मागून हाक आली. "इंद्रभान!" एकदाच. म्हणजे चाकू उघडला. इंद्रभाननं न ऐकल्यासारखं केलं.

त्यानंतर दोघं विहारात दिसत, विहिरीवर दिसत. उद्या जाऊन सांगू, पोळ्याला सांगू, असं करता करता चार पोळे गेले. एक वाक्य सांगायचं होतं. ते त्याच्यानं झालं नाही, आणि परवा भाऊ गेला.

आता माणसं पांगली तशी उकंडरावाची बायको लिलावयनी आतून आली. तिच्या हातात तो चाकू होता. इंद्रभानची नजर आपोआप खाली फरशीकडे गेली.

"खाली नाही, भाऊजी. हात करा. हातातच द्यायचा म्हून सांगून गेले ते."

त्यानं हात पुढे केला. तिनं चाकू तळहातावर ठेवला आणि वरून त्याची मूठ मिटवली.

त्यानं चाकू उघडला. पातं अरुंद झालं होतं, जेमतेम बोटभर उरलं होतं. पण टोकाकडे पोट होतं आणि मुठीकडे बाक होता. अंगठा फिरवला तर कुठे खाच लागेना. बिजागरीत तेल होतं.

"हे कोनं केल्लं?"

"कोन करीन? चार वर्सं तेच त चालू होतं. त्या कांडीनं घासू घासू कांडी सरून गेली. मी म्हनो, नवा घ्या. त म्हनत, इंद्रभान आला अन् त्यानं मांगतला, त असा सीधा चाकू त्याच्या हातात कसा देऊ? त्याले वाईट वाटीन."

इंद्रभाननं पातं मिटवलं. "वयनी, शाणेवर मीच नेल्ला होता."

"त्याहीले पहिल्याच दिवशी समजलं होतं," लिलावयनी म्हणाली. "तेच सांगाले हाक मारली होती. जाऊ दे, मी करतो नीट, असं."